चिखलासकट परत द्यायची सायकल

पुण्यातल्या पुण्यात फिरून आलेल्या बाईनं प्रवासवर्णन लिहायला घेतलं, की पहिला टोमणा घरातूनच येतो. "बिबवेवाडीतून खराडीला गेलीस, तिथनं कसब्यात, आणि फार तर बोपदेव घाट. याला प्रवास म्हणतात का?" इति संजय, माझा नवरा. मी म्हटलं, ऑफिसं सुटायच्या वेळेला एकदा खराडीला जाऊन ये आणि मग बोल.

तर सांगायचं असं, की मी एक फ्रेम शोधायला निघाले होते. फोटोची नव्हे, सायकलची. मी सरकारी कचेरीत नोकरी करते, वय अठ्ठेचाळीस, आणि गेली कित्येक वर्षं सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन डोंगरात जाते. तिथं डांबर नसतं, पायवाट असते, दगड असतात, गुरांच्या वाटा असतात. सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं, हे माझं सगळ्यात मोठं सुख. दोन वर्षांपूर्वी मणक्यातली गादी सरकली आणि ते सुख गेलं. कंबरेपासून डाव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत मुंग्या. खुर्चीत बसवेना, पलंगावर झोपवेना. बरी झाले तेव्हा जुनी सायकल बाहेर काढली, तर तासाभरातच पाय पुन्हा बधिर. माझ्या जुन्या सायकलीला शॉकअप फक्त पुढं. मागच्या चाकाखाली आलेला प्रत्येक दगड सरळ पाठीत.

आमच्या डॉक्टरीणबाई फार स्पष्ट बोलतात. त्या म्हणाल्या, "हवी ती सायकल घ्या, पण आधी एक अख्खा दिवस चालवून बघा. संध्याकाळी पायात मुंग्या आल्या, तर डोंगर बंद. मग सपाट रस्त्यावर हवं तेवढं फिरा." सपाट रस्ता! पुण्यात! मी हसले खरी, पण दवाखान्याचा जिना उतरताना मला रडू आलं.

मग एकच उपाय उरला. पुढंही शॉकअप आणि मागंही शॉकअप. अशा सायकलीची फ्रेम एकसंध नसते. तिचा मागचा अर्धा भाग बिजागऱ्यांवर बसवलेला असतो, तो दगडावर वर उचलला जातो आणि मधला शॉकअप दणका गिळतो. ऐकायला सोपं. पण असल्या फ्रेमचे इतके प्रकार निघालेत, की दुकानात उभं राहिलं की डोकं गरगरतं. ही कार्बनची, ती अॅल्युमिनियमची, ही उतारासाठी, ती चढासाठी. आणि दुकानदार चालवायला देतो कुठं, तर पार्किंगमध्ये. पार्किंगमध्ये सगळ्याच सायकली छान चालतात हो!

पण आमच्या डोंगरात फिरणाऱ्या मंडळींत एक चांगली रीत आहे. कुणाला फ्रेम घ्यायची असेल, तर ज्याच्याकडं तसली आहे तो आपली सायकल एका दिवसासाठी देतो. बाहेर कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. घरातली दुचाकी सख्ख्या मेव्हण्याला न देणारी माणसं जिवापाड जपलेली सायकल अर्ध्या ओळखीच्या बाईला देतात. मला दोघांनी दिली, आणि म्हणून हा प्रवास घडला.

खराडी

पहिली सायकल बाळासाहेबांची. बाळासाहेब मूळ खराडीचे. जिथं त्यांची ज्वारी व्हायची तिथं आता काचेच्या इमारती आहेत आणि त्यात हजारो पोरं कॉम्प्युटरपुढं बसलेली असतात. त्या काचांच्या मधोमध बाळासाहेबांचं चार मजली घर. पुढं दोन मोठ्या गाड्या, मागं गोठा, गोठ्यात दोन गाई. मी पोचले तेव्हा ते शेण काढत होते. हात धुऊन आले आणि समोरच्या इमारतीकडं बोट करून म्हणाले, "त्या लिफ्टच्या जागी आमची हीर हुती. पाणी असं गोड, साखर!"

सायकल बघितली आणि मी दबून गेले. काळी कार्बनची फ्रेम, मागचा शॉकअप माझ्या मनगटाएवढा जाड. बाळासाहेब सहा फुटी माणूस, त्यांना ती शोभते. मी पाच फूट दोन. त्यांची सून कोमल बाळाला कडेवर घेऊन बघत उभी होती. आयटीत काम करते, सध्या घरून. ती म्हणाली, "ताई, ही गाडी तुमच्यापेक्षा टॉल आहे, सिरियसली."

"आगं, बसल्या की मावत्यात त्या," बाळासाहेब म्हणाले.

वाघोलीपुढं खडीच्या खाणींच्या मागं एक टेकडी आहे. तिथं आम्ही दोघं गेलो, बाळासाहेब त्यांच्या जुन्या सायकलीवर. पांढरी धूळ, मधे मधे पावसानं भरलेले खड्डे, आणि पलीकडं हिरवंगार गवत. वर पोचेपर्यंत माझी त्रेधा उडाली. पायडल मारलं की सायकल खाली-वर डुलायची. माझा अर्धा जोर शॉकअपच पिऊन टाकत होता. हँडल इतकं लांब, की ओट्यापुढं उभं राहून वरच्या फळीवरचा डबा काढावा तसे हात ताणलेले. उतारावर मात्र, काय सांगू! पाटावरून सरबत ओघळावं तशी ती सायकल त्या दगडांवरून उतरली. मी मोठ्यानं ओरडले. दोन वर्षांनी ओरडले.

आणि दुपारी खराडीला परत येईपर्यंत डाव्या पायात मुंग्या सुरू झाल्या.

मी कुणाला बोलले नाही. बाळासाहेबांच्या घरी पंगत मांडली होती. मासवड्या, रस्सा, बाजरीची भाकरी, वर घरच्या गाईचं लोणी. आमच्या घरी पाहुण्याला एकदा विचारतात, दोनदा विचारतात. इथं विचारायची पद्धतच नाही, थेट ताटात पडतं. मांडी घालून बसले होते. उठताना हात टेकावा लागला, ते फक्त कोमलनं बघितलं. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन म्हणाली, "पायात जातंय ना? बाळ झाल्यापासून माझंही तेच आहे. मला पण डोंगरात यायचंय हो, पण बॅक साथच देत नाही."

मी म्हटलं, "आधी माझं काय होतंय ते बघ."

निघताना सायकल पुसायला फडकं मागितलं, तर बाळासाहेब हात जोडून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, धुवायपुसायची तसदी घेऊ नका." मी ऐकलं नाही. बादली घेतली आणि चाकं पुसून दिली. बाळासाहेब इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं, "बघा, किती साफ करून दिली ताईंनी!" आपल्याकडं नको म्हणतात ते असंच म्हणतात, असं मी मनाशी पक्कं केलं. तिथंच पुढच्या घोळाचं बी पडलं.

घरी येऊन संजयला सांगितलं, मुंग्या आल्या. तो माझे पाय मांडीवर घेऊन बसून राहिला.

कसबा पेठ

दुसरी सायकल शरयूताईंची. शरयूताई निवृत्त शिक्षिका, पासष्टीच्या, शरीरानं माझ्याएवढ्याच, आणि डोंगरात सायकल चालवायला लागल्या त्या पन्नाशीनंतर. कसब्यात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे पूर्वजन्मीचं पुण्य लागतं, म्हणून मी रिक्षा केली आणि बोळाच्या तोंडाशी उतरून चालत गेले. तांब्याच्या भांड्यांचे ठोके ऐकू येत होते. एका ओट्यावर मांजर झोपलेलं, त्याला कसलाच त्रास नव्हता.

दार उघडून त्या म्हणाल्या, "चपला बाहेर." मी चपला काढल्या. आत गेले तर दिवाणखान्यात, जिथं लोकांचा टीव्ही असतो तिथं, भिंतीवर सायकल टांगलेली. चपलांना बंदी आणि सायकलीला दिवाणखाना! मी हसले. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." "मग बसा."

ती फ्रेम अॅल्युमिनियमची होती. फिकट हिरवी, जागोजागी रंग उडालेला. मागचा शॉकअप मध्यम, ना फार लांब ना फार तोकडा. हँडल जवळ. मी कुतूहलानं म्हटलं, "कार्बन नाही वाटतं?"

"नाही. मला रोज चालवायची असते, मिरवायची नसते."

मग त्यांनी मला पाठीला पिशवी लावून, पाणी भरून, सायकलवर बसायला लावलं. एका हातानं भिंत धरायची. "वजन सांगा," त्या म्हणाल्या. मी सांगितलं. "खरं सांगा." मी खरं सांगितलं. त्यांनी छोट्या पंपानं शॉकअपमध्ये हवा भरली आणि मला पुन्हा बसायला लावलं. शॉकअपच्या दांड्यावर एक रबरी कडी असते. आपण बसलो की ती सरकते आणि फ्रेम आपल्या वजनानं किती खाली बसली ते दाखवते. तिसऱ्या खेपेला कडी मनासारखी सरकली. "बाळासाहेबांनी हवा भरून दिली होती का तुमच्या वजनाची?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग तुम्ही सायकल नाही बघितलीत, त्यांचा पाहुणचार बघितलात."

देताना दोनच गोष्टी सांगितल्या. "पुढचा ब्रेक कडक आहे, एका बोटानं धरा. आणि परत आणताना धुऊ नका. चिखलासकट आणा." मी म्हटलं, हो हो.

बिबवेवाडी

दुसऱ्या दिवशी कात्रजच्या बाजूच्या डोंगरात अर्धा दिवस चालवली. पाऊस परतीला लागला होता, वाटेत चिखल, कडेला तेरडा फुललेला. चढावर फ्रेम डुलली नाही. दगड आला की मागचं चाक आपलं आपण वर जाई आणि खाली येई, पाठीला खबरही नसे. मी थांबून थांबून स्वतःच्या पायाला विचारत होते, काय रे, आहेस ना ठीक? पाय ठीक होता. अर्धाच दिवस होता, मान्य. तरी मी कात्रजच्या डोंगरधारेवर एकटीच उभी राहून शरयूताईंना, डॉक्टरीणबाईंना, ज्यानं कुणी बिजागरीची फ्रेम शोधून काढली त्यालाही, अशा सगळ्यांना मनातल्या मनात धन्यवाद म्हणत होते.

आता घोळ ऐका. माझी आई आम्हाला शिकवायची, दुसऱ्याचं भांडं घासून द्यायचं आणि रिकामं द्यायचं नाही. शेजारची वाटी विरजणाला आली तरी जाताना तिच्यात चार शेंगदाणे तरी जायचे. आणि शेजारीण "अगं घासू नकोस" म्हणाली, तर ते म्हणायचंच असतं. अशा घरात वाढलेली मी. हिरवी सायकल चिखलानं माखलेली, आणि ती मी एका शिक्षिकेच्या दारात तशीच नेऊन उभी करू? शक्यच नाही.

आमच्या कोपऱ्यावर दुचाक्या धुवायचं वॉशिंग सेंटर आहे. तिथं नेली. म्हटलं, दादा, एकदम चकाचक. त्यांनी फेस मारला, आणि मग जोराच्या पाण्याचा फवारा. मी स्वतः बोट दाखवून सांगत होते, "इथं राहिलाय बघा चिखल, या सांध्यात. अजून जवळनं मारा." सांध्यासांध्यातनं मातीचं पाणी निघालं. सायकल नवीकोरी दिसायला लागली. मी घरी जाऊन कोथिंबिरीच्या वड्या तळल्या आणि डबा भरला.

कसबा पेठ, पुन्हा

शरयूताईंनी दार उघडलं. सायकलीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. डब्याकडं बघितलंच नाही.

"कुठं धुतलीत?"

"वॉशिंग सेंटरला," मी कौतुकाच्या अपेक्षेनं म्हटलं.

"फवाऱ्यानं?"

"हो. अगदी सांध्यासांध्यातनं काढला चिखल."

त्या खाली बसल्या. मागचं चाक हातानं उचलून सोडलं. सांध्यातनं कुर्र असा आवाज आला. काल नव्हता तो. "धुऊ नका म्हटलं होतं मी," त्या म्हणाल्या.

"अहो, मला वाटलं आपण आपलं म्हणायचं म्हणून म्हणालात."

"गायकवाडबाई, मी म्हणायचं म्हणून काही म्हणत नाही. मला जे म्हणायचं असतं तेच मी म्हणते."

मेले मी शरमेनं. भरपाई देते म्हटलं, दुकानात नेऊन दुरुस्त करून आणते म्हटलं. त्यांनी जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली आणि पान्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला. "भरपाई नको. उघडा."

"मी?"

"मग कोण, मांजर?"

तो सगळा शनिवार मी कसब्यातल्या त्या फरशीवर काढला. त्या खुर्चीत बसून सांगत होत्या, मी उघडत होते. त्या फ्रेमच्या प्रत्येक बिजागरीत छोटी छोटी बेअरिंग असतात, आत ग्रीस भरलेलं असतं. फवाऱ्याच्या जोरानं पाणी रबरी सील ओलांडून आत गेलं होतं आणि ग्रीसचं पार ताक झालेलं. काही बेअरिंगांत बारीक माती शिरली होती, ती बोटानं फिरवली की करकर करायची. आज उघडली नसती तर महिनाभरात गंजून अडकली असती, असं त्या म्हणाल्या. दोन बदलावी लागली. ती त्यांच्या कपाटात होतीच. बाकीची पुसून, वाळवून, नवं ग्रीस भरून परत बसवली.

मी विचारलं, "पण धुऊ नका का? चिखल तर तुम्हीही काढतच असाल ना?"

"मी काढते. स्पंजानं, हातानं. हात प्रत्येक सांध्यावरून जातो. कुठं सैल झालंय, कुठं तडा आहे, ते तेव्हा कळतं. सायकल दुसऱ्याकडून आली असेल तर जास्तच बघावं लागतं. धुऊन आणली की मला काही कळत नाही. आणि कुठं कुठं नेली तेही त्या मातीतच असतं. लोक तोंडानं काहीही सांगतात."

जेवायला वरण-भात, काकडीची कोशिंबीर आणि माझ्या वड्या. वडी खाऊन म्हणाल्या, "हे बरं जमतं तुम्हाला." त्यांच्याकडून ते पारितोषिकच समजायचं. जेवताना मी त्यांना पायाचं सगळं सांगितलं. डॉक्टरांचा एक दिवस, खराडीच्या मुंग्या, सगळं. आणि ज्याची भीती वाटत होती तेही बोलून टाकलं, की पूर्ण दिवस चालवायचा धीर होत नाही, कारण त्या दिवशी मुंग्या आल्या तर सगळं संपलं.

त्या हात धुऊन आल्या. म्हणाल्या, "पुढच्या रविवारी न्या ही."

"कुठली?"

"हीच. आज आतून बघितलीत, आता नीट चालवाल. अख्खा दिवस न्या. भीत भीत अर्धाअर्धा दिवस चालवून फ्रेम कळत नाही आणि पाठही कळत नाही." मग थांबून म्हणाल्या, "आणि परत आणताना?"

"चिखलासकट."

"शाबास."

मी त्यांचं काय नुकसान केलं होतं ते आठवा, आणि त्या मला तीच सायकल पुन्हा देत होत्या. बोळातून बाहेर येताना मी डोळे पुसायला थांबले. कसब्यात रडायलाही जागा नसते, मागून कुणीतरी "बाजूला" म्हणतंच.

बोपदेव

रविवारी पहाटे संजय माझ्याआधी उठला. धपाटे थापले, ते आणि दह्याचा डबा पिशवीत भरला आणि म्हणाला, "मुंग्या आल्या तर फोन कर, मी गाडी घेऊन येतो. आणि नाही आल्या तरी फोन कर." एवढंच.

येवलेवाडीच्या बाजूनं बोपदेवच्या डोंगरात शिरले. डांबरी घाट सोडून मुरमाची वाट धरली. चढ लांब आहे. पूर्वी तिथं मी दातओठ खाऊन चढायचे, या खेपेला एका लयीत गेले. हात ताणलेले नव्हते, पाठ सरळ होती, प्यायचं पाणी फ्रेमच्या पोटातच बाटलीत होतं. हे सगळं बारीक वाटतं, पण सकाळी बारीक वाटलेली गोष्ट दुपारी मोठी होते. खराडीची फ्रेम मला उतारावर उडवायची. ही मला चढावर थकवत नव्हती, आणि दिवसभराच्या वाटेत चढच जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं. उतरायला दहा मिनिटं लागतात, चढायला तास.

वर भिवरीच्या अलीकडं एक आजी सीताफळांची पाटी घेऊन बसल्या होत्या. मी सायकल टेकवली तर म्हणाल्या, "बया, एवढ्या लांबनं पाय मारत आलीस? घरी कोन न्हाय का?"

"हाय की. त्यांनीच धपाटे दिलेत करून."

"नवऱ्यानं?" आजींनी एक सीताफळ निवडून माझ्या हातावर ठेवलं. "हे त्याला ने. असला नवरा मिळत न्हाय." पैसे घेईनात. आम्ही दोघींनी मिळून एक धपाटा खाल्ला.

कानिफनाथाच्या डोंगरावरून दिवे घाटाकडं धारेची वाट आहे. एका बाजूला पुरंदरची शेतं, दुसऱ्या बाजूला धुरकट पुणं. गवताला कुसळं धरली होती, मोज्यात घुसून टोचत होती. एका ओढ्यात पुढचं चाक रुतलं आणि मी सावकाश, अगदी शोभेल अशा रीतीनं, चिखलात आडवी झाले. उठले, कंबर चाचपली, पाय हलवला. काही नाही. दोन म्हशी बघत होत्या, त्यांनीही काही म्हटलं नाही.

ऊन उतरायला लागलं तशी मला भीती वाटायला लागली. मुंग्या नेहमी उतरत्या उन्हाला यायच्या. मी उंड्रीच्या बाजूनं खाली उतरत होते आणि सगळं लक्ष डाव्या पायाच्या अंगठ्यात. दमले होते, मांड्या भरून आल्या होत्या, मानेत कळ होती. पण अंगठा शाबूत. बिबवेवाडीच्या चढावर पोचले, दुकानांचे दिवे लागले होते, आणि अंगठा शाबूत. संजय कोपऱ्यावर उभा होता. मी म्हटलं, "नाही आल्या." तो म्हणाला, "काय?" मी म्हटलं, "अरे, मुंग्या नाही आल्या!" भर रस्त्यात त्यानं माझ्या चिखलाच्या डोक्यावर हात ठेवला.

कसबा पेठ, तिसऱ्यांदा

चिखलासकट नेली. रिक्षावाल्यानं सीटवर पोतं टाकायला लावलं. जिन्यात माती पडली, खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कपाळाला आठ्या घातल्या. शरयूताईंनी सायकल न्हाणीत घेतली आणि पाटावर बसून, चष्मा लावून, बघायला लागल्या.

"हा तांबडा मुरूम बोपदेवचा. ही कुसळं धारेवरची. हा काळा चिखल, ओढ्यात पडलात?"

"हळूच पडले."

"हँडलच्या टोकाला माती आहे, हळूच नाही." मग मागच्या सांध्यांवरून त्यांनी स्पंज फिरवला, चाक उचलून सोडलं. आवाज नाही. त्यांनी पायडलपाशी वाळलेली माती नखानं काढली आणि म्हणाल्या, "कुठं ढकलत नेलेली दिसत नाही. ढकलताना बुटांची टोकं फ्रेमला लागतात, तसे ठसे नाहीत कुठं. चढ सगळे बसून चढलात." मग वर बघून, "पाय?"

मी मान हलवली आणि त्या न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून हमसून रडले. त्या सायकल धूत राहिल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "झालं असेल रडून, तर तो टॉवेल द्या. नाही झालं, तर चालू द्या, मला घाई नाही."

मग फ्रेम निवडायचं उरलंच कुठं? अॅल्युमिनियम, मध्यम शॉकअप, माझ्या उंचीची, पोटात बाटलीला जागा असलेली, आणि घरच्या पान्यांनी उघडता येईल अशी. शरयूताई म्हणाल्या, "रंग तेवढा राहिला, तो तुम्ही निवडा." मी निळा निवडला. जुन्या सायकलीचे ब्रेक आणि सीट तिच्यावर चढवले, त्यांच्याच फरशीवर, त्यांच्याच वर्तमानपत्रांवर.

बिबवेवाडी, शेवटी

परवा कोमल आली होती खराडीहून, सासऱ्यांच्या मोठ्या गाडीतनं. तिला माझी सायकल हवी होती एका दिवसासाठी. मी तिला भिंत धरून बसवलं, वजन विचारलं, खरं सांग म्हटलं, हवा भरली. आणि बजावलं, "परत आणताना धुऊ नकोस. हे मी म्हणायचं म्हणून म्हणत नाहीये."

काल संध्याकाळी ती सायकल परत घेऊन आली. चिखलानं भरलेली, आणि हँडलला डबा लटकवलेला. "आमच्या मम्मी इतक्या ओरडल्या," ती सासूबाईंचं सांगायला लागली. "म्हणे, लोकांच्या दारात अशी घाण गाडी कशी लावतेस? मी म्हटलं, ताईंनी स्ट्रिक्टली सांगितलंय." डब्यात मासवड्या होत्या. तिला विचारलं, पाठ कशी आहे? ती नुसती हसली, "तुम्हीच बघा ना," म्हणाली आणि गेली, बाळ घरी वाट बघत होतं.

मी बादली घेतली, स्पंज घेतला आणि बाल्कनीत पाटावर बसले. खाणीची पांढरी धूळ टायरापासून सीटखालपर्यंत. मागच्या चाकात पलीकडचं गवत, म्हणजे टेकडीच्या पार माथ्यावर गेली होती. पायडलच्या वर बुटाचा एकही ठसा नाही. पोरगी सगळा चढ बसून चढली होती. मी एकेका सांध्यावरून हात फिरवत, त्या धुळीचं पाणी बादलीत पिळत बसले. संजयनं दिवा लावला तेव्हा कळलं, की केव्हाची मी वाकून बसलेय.

हात न टेकता उठले. डाव्या पायाचा अंगठा हलवून बघितला. मग शरयूताईंना फोन लावला आणि म्हटलं, "खराडीचीही चढली."